कुंपणाचे तीन बांबू

त्या वकिलांना मी एकदाच पाहिलं, वेंगुर्ल्याच्या कोर्टात. आम्ही कॉलेजातले तिघे शिरोड्याच्या एका माडांच्या बागेतून समुद्रावर गेलो होतो. वाट जुनी होती, मालक नवा. त्याने बेकायदा घुसल्याची फिर्याद केली. शिक्षा झाली असती तर सरकारी नोकरीची आशा संपली असती.

वकिलांचा काळा कोट विटून तांबूस झाला होता. आदल्या दिवशी ते एकटेच चालत जाऊन बागेचं कुंपण पाहून आले होते. चष्मा सावकाश पुसून त्यांनी मालकाला विचारलं, "मुलं आत सापडली तेव्हा वाटेवरचे तीन आडवे बांबू कुठे होते?"

"जागेवर. यांनीच परत घातले."

"कशाला?"

"गुरं आत शिरतील म्हणून," मालक सवयीने बोलून गेला.

"वाईट हेतूने शिरणारा एवढी काळजी घेत नाही," इतकंच म्हणून वकील खाली बसले. इतकं कमी बोलून जिंकणारा माणूस मी पुढे पाहिला नाही.

सुटल्यावर आम्ही पायांशी वाकलो, तसे ते मागे सरले.

"माझ्या पायां कित्याक रे? घराक जावन, जन्म दिल्यान त्या आवशीच्या पायां पडा. बांबू परत घालूक तिनाच शिकवल्यान."