पाहिले. बरे आहे.

आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तलावाच्या पाळीवर मच्छीमार सोसायटीची एक खोली आहे. शकुनबाई त्या सोसायटीची सेक्रेटरी. पन्नाशीच्या आतबाहेरची, अंगानं ठेंगणी. हसणं असं, की ती पाळीवर हसली की मधल्या पाण्यात डोंग्यावर बसलेला माणूस वळून पाहतो, आणि कशावर हसली हे माहीत नसतानाही हसायला लागतो.

जुने सेक्रेटरी भय्याजी मुलाकडे नागपूरला राहायला गेले, तेव्हा त्यांनी रजिस्टर आणि शिक्का तिच्या हातात दिला. ती सातवी शिकलेली होती, आणि तिचं अक्षर दुसऱ्यालाही वाचता यायचं. जाताना भय्याजींनी एकच गोष्ट बजावली. "बोलतो तसं लिहाचं नसते, शकुन. लिहिलेलं शुद्ध पाहिजे."

शकुनबाईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं. पुढे मोबाइल आला, सोसायटीचा ग्रुप झाला, आणि ती ग्रुपवर शुद्ध लिहू लागली. 'उद्या सकाळी सहा वाजता सर्व सभासदांनी तलावावर हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्यांची नोंद घेण्यात येईल.' नोंद घ्यायची ती एवढ्यासाठीच, की जो आला नाही त्याचा मासोळीचा वाटा आठवणीनं घरी पोचवता यावा. पण ते लिहायचं तिला कधी सुचलं नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना धुतलेलं लुगडं नेसावं, तसं चारचौघांत शुद्ध लिहावं, एवढीच तिची समजूत होती.

एके दुपारी ती खोलीच्या पायरीवर जाळ्याची सुटलेली गाठ बांधत बसली होती. मोटारसायकलवरून एक तरुण उतरला. चार पावलं दूर चपला काढून उभा राहिला.

"मावशी, सेक्रेटरी मॅडम आल्या काय?"

"कायले पाहिजे होत्या?"

"मी प्रविण. तुमसरच्या बाजारातून आलो. तुमच्या तलावाची मासोळी मीच नेतो. मंगळवारी गाडी उशिरा धाडली माह्यानं, माफी मागाची होती."

"फोन करून टाकाचा ना मंग."

"हिंमत नाई झाली." त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं. "'आपली गाडी दोन तास उशिरा आली. कारण कळवावे.' माह्या बायकोनं हे वाचलं, म्हणते, पहिले जाऊन पाय धरा."

शकुनबाईनं जाळं बाजूला ठेवलं. "कशा असतीन रे मॅडम? तुले काय वाटते?"

प्रविणनं विचार केला. "उंच असतीन. चष्मा असन. आन् हसत त् बिलकुल नसतीन."

मग शकुनबाई अशी हसली, की पाळीवरचे बगळे उडाले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रविण आधी गोंधळला, मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे मॅडम... तुमीच?"

"मीच बाबू! अरे, गाडी रस्त्यात उलटली का काय, याची काळजी वाटली मले. म्हणून इचारलं."

चहा पिऊन, मोकळा होऊन प्रविण गेला. शकुनबाईचं हसू मात्र अर्ध्यातच अडकलं. तिनं ग्रुप उघडला आणि आपलेच जुने मेसेज वर वर सरकवत वाचायला घेतले. तिला त्यात काही वावगं दिसेना. सगळं शुद्ध होतं.

संध्याकाळी तिचा नवरा डोमा कागदात गरम भजी बांधून घरी आला. दुपारी तिनं त्याला कळवलं होतं, 'जेवण झाकून ठेवले आहे. जेवून घ्यावे.'

"आज कायची भजी?"

डोमा घुटमळला. "तुहा मेसेज आला ना."

"मंग?"

"मंग मले वाटलं, आज बाई नाराज दिसते. तसा मेसेज आला का मी भजी आणतो. दोन वर्सं झाले."

 "आन् मी समजत होती, तुमचा माह्यावर जीव आहे म्हणून आणता!"

"जीव आहे म्हणूनच त् भेव वाटते," डोमा म्हणाला, आणि एक भजं तोंडात टाकून घेतलं, पुढे बोलावं लागू नये म्हणून. पण शकुनबाई सोडणारी नव्हती. आणखी कोणाकोणाला असं वाटतं, हे तिनं खोदून खोदून विचारलं. शेवटी तो म्हणाला, "रिताच्या पोरीच्या फोटोखाली काय लिहिलं होतं तू, थे पाय."

रिता म्हणजे डोमाच्या पुतण्याची बायको. दोन घरं सोडून राहायची, सोसायटीची सभासदही होती. चार महिन्यांपूर्वी तिला माहेरी मुलगी झाली. तिनं ग्रुपवर पहिला फोटो टाकला, आणि सगळ्यांनी काय काय लिहिलं. शकुनबाईनं लिहिलं होतं, 'पाहिले. बरे आहे.'

रिता सासरी परतली, तेव्हापासून शकुनबाई हँडपंपावर दिसली की ती मान वळवायची. बाळंतपणानं थकली असेल, असं समजून शकुनबाई तिची घागर आधी भरून द्यायची.

सकाळ झाल्याबरोबर ती रिताच्या घरी गेली. रितानं पाट दिला, पाणी दिलं, आणि शकुनबाईनं फोटोचं विचारल्यावर म्हणाली, "काकू, पोरगी झाली म्हणून तुमाले बरं नाई वाटलं, असं वाटलं मले."

शकुनबाईनं पेला खाली ठेवला. "अवो माय! मी त् थो फोटो साऱ्या पाळीवर फिरवला. बुधरामचा डोंगा थांबवून त्याले दाखवला. म्हटलं, पाय गा, आमच्या घरी चांदणी आली!"

"मंग थेच लिहाचं ना, काकू."

"असं बोलल्यासारखं लिहितेत का कोणी?"

"सारेच लिहितेत."

मग रितानं मोबाइल घेऊन शकुनबाईचे मेसेज मोठ्यानं वाचले, तिला जसे ऐकू आले होते तसे. 'हजर राहावे' म्हणताना भुवया चढवल्या, 'नोंद घेण्यात येईल' म्हणताना बोट उगारलं. शकुनबाईला वाटलं, तहसील कचेरीतून दवंडी पिटायला माणूस आला. दोघी इतक्या हसल्या की पाळण्यातली पोर जागी झाली आणि भोकाड पसरलं. शकुनबाईनं तिला उचलून घेतलं आणि चार महिन्यांचं साठलेलं कौतुक तिच्या कानाशी ओतलं.

पुढच्या आठवड्यात तलावात सोडायची बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, यायची होती. आदल्या संध्याकाळी शकुनबाईनं ग्रुपवर लिहिलं, 'बायांनो, बाप्यांनो, सकारी सहाले तलावावर या बरं! बोटुकली येऊन राहिली. चहा माह्याकडून. जो येणार नाई त्याले घरी येऊन उठवीन.'

ग्रुप अर्धा तास गप्प. मग बुधरामचा डोमाला फोन आला. "भाऊ, वहिनीचा फोन चोरीले गेला काय? कोणीतरी तिच्या नावानं लिहून राहिला."

डोमानं फोन तिच्या कानाला लावला. तिचं हसणं ऐकल्यावर बुधरामची खात्री पटली.

पण दुसऱ्या दिवशी लोक आले सात वाजता. गाडी वेळेवर आली होती, आणि बोटुकलीच्या पिशव्या उन्हात तापायच्या आत शकुनबाई, रिता आणि म्हाताऱ्या निर्मलाबाई गुडघाभर पाण्यात उतरून त्या सोडत होत्या. हात हलवत आलेल्या बाप्यांकडे पाहून निर्मलाबाई म्हणाल्या, "लय गोड लिहिलं वो तू. गोड वाचलं का लोक कड बदलून झोपते."

तेव्हापासून शकुनबाईच्या मेसेजची पहिली ओळ सरळ असते, काम आणि वेळ. खाली तिची स्वतःची बडबड. पाठवण्याआधी ती सगळं मोठ्यानं वाचून पाहते, दुसऱ्याला ते कसं ऐकू येईल ते कळावं म्हणून. परवा संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं मेसेजच्या खालच्या ओळी वाचल्या, "जाळं दुरुस्त झालं का? सकारी पाचले उठाचं आहे, बरं."

"झालं, झालं!" अंगणातून डोमा ओरडला.

"तुमाले नाई जी. ग्रुपले लिहून राहिली."

डोमा ओट्यापाशी आला. "मंग मी उठू का नको?"