डाव्या हातानं जेवणारी म्हातारी

भूम तालुक्यात जपानी पद्धतीनं भात कसा लावावा, हे मी गावोगाव लोकांना सांगत हिंडत होते, असं आज सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. भूमला भात कुठला? ज्वारी नीट पिकली तरी माणसं देवाला नारळ फोडायची. पण वरून सिनेमाचा डबा आला होता, आणि सरकारी डबा आला की तो दाखवायचाच. निजामाचं राज्य जाऊन बारा-चौदा वर्षं झाली होती, पंचायत समित्या नव्याकोऱ्या होत्या आणि मी ग्रामसेविका म्हणून त्यांच्याहून नवी. मूळची अणदूरची, तोंडानं फटकळ, आणि आपल्याशिवाय या तालुक्याचं काही खरं नाही अशा समजुतीत वावरणारी.

सिनेमा दाखवायचं मशीन मामूंच्या ताब्यात होतं. सगळं ऑफिस त्यांना मामू म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. सरकारी नोकरीत यायच्या आधी त्यांनी उभी हयात तंबूच्या टॉकीजमध्ये काढली होती. पाऊस उघडला की जत्रांमागं जत्रा करत निघायचं आणि मिरगाला घरी परतायचं. जीपही तेच चालवायचे, जनरेटरही तेच सुरू करायचे, आणि पडदा बांधताना दोरीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

भातशेतीच्या सिनेमाला पुरुष यायचे, मान हलवायचे आणि शेवटी कुणीतरी विचारायचंच, "बाई, हे समदं लई चांगलं हाय, पर पानी कुठनं आनायचं?" याचं उत्तर माझ्या पुस्तिकेत नव्हतं.

त्याच डब्यात तळाशी एक छोटं रीळ निघालं. चुकून आलं होतं की भरतीला टाकलं होतं, कोण जाणे. ऑफिसातल्या भिंतीवर लावून पाहिलं तर काय, सगळी चित्रं! हातानं काढलेली, आणि चालणारी. एक म्हातारी, कंबरेत वाकलेली, अंगात पायघोळ झगा, काठीला फडक्यात बांधलेला डबा अडकवून शेतावर म्हाताऱ्याला जेवण घेऊन चाललेली. वाटेत एक बगळा डबा पळवतो. म्हातारी त्याच्यामागं चिखलात धावते, पडते, म्हातारा हसतो, तोही पडतो. शेवटी दोघं बांधावर बसतात, बांधावरच्या दगडी देवापुढं एक घास ठेवतात आणि बगळ्याला मध्ये घेऊन दोन-दोन काड्यांनी भात खातात. बोलणं सगळं जपानी, एक अक्षर कळत नव्हतं. पण ती म्हातारी पडून उठताना गुडघ्याला हात लावायची ना, तशीच अणदूरला माझी आत्या उठायची. कुणीतरी बसून, एकेक चित्र काढून, तो हात गुडघ्यापर्यंत नेला होता. मी त्या रिळाच्या प्रेमात पडले हे कबूल करते.

मामू तर वेडेच झाले होते. भाताचा सिनेमा संपला की ते हळूच ते रीळ चढवायचे. पण तोवर पुरुष घोंगडी झटकून उठलेले असायचे. "पोरासोरांचं हाय," म्हणून विड्या पेटवत निघून जायचे, आणि मामू रिकाम्या मैदानाला म्हातारी दाखवत बसायचे.

एका गुरुवारी साहेबांनी दोन गोष्टी सुनावल्या. एक, कार्यक्रमाला बाया येत नाहीत, म्हणजे ग्रामसेविका करते काय? दुसरी, हे चित्रांचं रीळ आपलं नाही, सोमवारी डब्यासकट परत जाणार. पहिल्या गोष्टीनं माझा चेहरा पडला आणि दुसरीनं मामूंचा.

बाहेर आल्यावर मामू जीपचं चाक तपासायला वाकले. मग म्हणाले, "बाई, एक काम होतं. हमारे घर में उनं अब्बीतक सिनेमा नै देखी. एक बी नै. ये चित्रांवाला तरी दिखाना था."

तीस वर्षं जगाला सिनेमा दाखवणाऱ्या माणसाच्या बायकोनं एकही सिनेमा पाहिला नव्हता. मामूंचं म्हणणं, मर्दांच्या गर्दीत ती बसणार कशी? आणि टॉकीज तर कायम परमुलखात.

मी त्याच संध्याकाळी नेहमीसारखी त्यांच्या घरी गेले. मामूंच्या बायकोला आम्ही मुमानी म्हणायचो; त्या ज्वारीचं पीठ चाळत होत्या. त्या बाहेर कुठं जात नसत, कुणाशी फारसं बोलत नसत, त्यामुळं त्या नकोच म्हणणार असं धरून मी चांगलं लांबलचक भाषण तयार करून नेलं होतं. ते अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी चाळणी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "मैं बैठूं किदर?"

प्रश्न रास्त होता. कुठं बसायचं हाच तर तालुक्यातल्या सगळ्या बायकांचा प्रश्न होता, आणि वर्षभर मी त्यांना भात लावण्याचे फायदे सांगत होते.

शनिवारचा कार्यक्रम भूमपासून दोन कोसांवरच्या एका गावात होता. मला एक नामी युक्ती सुचली. शाळेच्या मैदानात मधोमध पडदा बांधायचा. पुढं पुरुष, मागं शाळेच्या भिंतीपर्यंत बायका. कापड पातळ, त्यावर पाणी शिंपडलं की चित्र आरपार दिसतं. तंबूत मामू तसं करायचेच. मामू म्हणाले, "दिसंल बाई, पर उल्टं दिसंल. दहनी बाजू बाएं कू."

मी म्हणाले, "चित्रातली म्हातारी पूर्वेला गेली काय आणि पश्चिमेला गेली काय, कुणाला कळणार आहे?" माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्यांचं पुढचं ऐकलंच नाही. शिवाय मी ठरवलं, आधी म्हातारी, मग भात.

दुपारभर मी घरोघर हिंडले. "पडद्याच्या मागं बसायचं, एक बाप्या दिसणार न्हाय," असं सांगितलं तशा सुना सासवांकडं बघायला लागल्या आणि सासवा माझ्याकडं. सरपंचांची आई गावातली सगळ्यांत वडीलधारी, तिचा शब्द बायकांत कुणी मोडत नसे. ती म्हणाली, "येतो की. मरायच्या आदी काय हाय ते बगून तरी घिऊ." मग सगळ्याच निघाल्या. दिवे लागायच्या सुमाराला शाळेची भिंत बायकांनी भरून गेली. मराठ्यांच्या, माळ्यांच्या, मुसलमानांच्या, सगळ्या. मुमानी बुरख्यात, भिंतीला टेकून, कडेला. मला तर साहेबांना तिथं उभं करून हे दाखवावंसं वाटत होतं.

मी पडद्याच्या खांबापाशी उभी राहून दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं ओरडून गोष्ट सांगत होते. म्हातारी निघाली. बगळा आला. बायका खुदखुदल्या. म्हातारी चिखलात आपटली तशी मागून असा हशा उठला की पुढचे पुरुष माना उंचावून बघायला लागले. आणि मग म्हातारी बांधावर बसली, तिनं देवापुढं घास ठेवला, काड्या उचलल्या आणि जेवायला लागली.

मागं बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

"आगं बया," सरपंचांची आई म्हणाली, "डाव्या हातानं जेवतीया की ही!"

"देवालाबी डाव्याच हातानं वाढलं," दुसरी म्हणाली.

"तोबा, उल्टे हात से खाना?" कडेच्या मुसलमान बायकांतून आलं. त्या गावात बायकांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

सरपंचांची आई गुडघ्याला हात लावून उठली. "उठा गं समद्या. आसलं बगून लेकीसुनांनी काय शिकावं?" तिच्यामागं पदर सावरत सगळ्या उठायला लागल्या. मुमानीही उठल्या. परक्या गावात, एकटीच बुरख्यातली बाई भिंतीशी बसून राहणार कशी? पण त्या उठल्या तरी तोंड पडद्याकडंच होतं.

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. साहेब, नोकरी, हजेरी, सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं. सोमवारी रीळ जाणार आणि या बाईचा सिनेमा एवढाच राहणार, एवढंच दिसत होतं. मी मामूंकडं धावले. "रीळ उलटं लावा!"

"नै लगता बाई. मशीनचे दाते अडकायची भोकं एकाच बाजूला हैत."

आणि ते जेवण संपून जायच्या आत मामूंनी मशीन बंद केलं. चालू रीळ मधेच थांबवणं त्यांना मोठं पाप वाटायचं. तंबूत दगड पडले तरी म्हणे त्यांनी कधी थांबवलं नव्हतं. पुरुषांत ओरडा सुरू झाला.

मी सरपंचांच्या आईचा हात धरला आणि तिला खांबाला वळसा घालून पुढं आणलं. मामूंनी तिथूनच मशीन पुन्हा सुरू केलं. म्हातारी उजव्या हातानं जेवत होती. तिनं नीट बघितलं. मग मागं गेली. डाव्या. परत पुढं आली. उजव्या. असं तीनदा केलं, आणि सगळं गाव पडदा सोडून तिच्याकडं बघत राहिलं. शेवटी ती पडद्याच्या पुढं कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजी बाप्यांना उजवा अन् आमाला डावा, आसं व्हय?"

ती वळली ती थेट पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या आपल्या मुलाकडं. "ऊठ. समद्यांना घिऊन मागं जा."

सरपंच खालच्या आवाजात म्हणाले, "आई, लोक काय म्हनतील?"

"म्या तुला कदी डाव्या हातानं वाडलं का?"

सरपंचांनी स्वतःची खुर्ची स्वतः उचलली आणि पडद्यामागं निघाले. बाकीचे कुरकुरत, एकमेकांना ढकलत, घोंगडी ओढत त्यांच्यामागं गेले, आणि बायका पुढं येऊन बसल्या. "आता आमी डाव्या हाताचा भात बगायचा व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि बायका पहिल्यांदा मोकळ्या आवाजात हसल्या.

पडद्याच्या अलीकडं आता एकच पुरुष राहिला होता, मशीनपाशी, आणि तो मुमानींचा नवराच होता. मी मुमानींना त्याच्या शेजारी, हत्यारांच्या पेटीवर बसवलं. त्यांनी तोंडावरचा नकाब वर केला. मामूंनी रीळ पहिल्यापासून लावलं.

मी पडदा बघितलाच नाही, मुमानींना बघत होते. आधी त्या नुसत्या टक लावून होत्या. मग बगळा आला, म्हातारी धावली, आणि मुमानी तोंडावर नकाब न ओढता हसल्या. हसता हसता मामूंच्या बाहीला धरून ओढलं त्यांनी. मामूंचं लक्ष मशीनवर होतं की नव्हतं कोण जाणे, पण चित्र जरा थरथरलं खरं.

संपल्यावर मुमानी म्हणाल्या, "दुबारा लगाव."

सरपंचांच्या आईनंही तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्यानं. मामूंनी हातानं रीळ गुंडाळलं आणि पुन्हा चढवलं. मग पुन्हा. त्या रात्री त्या गावाला भात लावायचा कसा हे शेवटपर्यंत कळलं नाही. मंगळवारी मला त्याबद्दल साहेबांची बोलणी बसली, आणि ती मी आनंदानं ऐकून घेतली.

सामान आवरून आम्ही जीपमध्ये बसलो. मी मागं, मुमानी पुढं. रिळाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मामूंनी किल्ली लावायला हात पुढं केला तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक बात पूछूं? इत्ते साल तुमे ये सब अकेलेच देखे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मामूंनी किल्ली न लावताच हात मागं घेतला. "हौ," ते म्हणाले. "अकेलाच देखा."

मागं बसून मला मामूंचा संताप आला. जाब विचारायला मी तोंड उघडलंच होतं. मग आठवलं, वर्षभर मी याच बाईच्या हातचा चहा पीत तिच्या स्वयंपाकघरात बसत होते आणि तालुक्यातल्या बायका सिनेमाला येत नाहीत म्हणून तिच्यापुढंच कपाळ बडवत होते. ती पीठ चाळत मुकाट ऐकून घ्यायची. "तुम्ही येता का?" असं मीही तिला एकदासुद्धा विचारलं नव्हतं.