थोरूमाला कुणी मारत नाही

“थोरूम म्हणजे काय ओ बाई?” नानांनी प्रूफांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

“प्राणी आहे. टेकडीएवढा. गाव घाईघाईनं काही वेडंवाकडं करायला निघालं की वाटेत आडवा पडतो. तो उठेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं आणि त्याला खायला घालायचं.”

“शब्दकोशात हाय?”

“नाही.”

“मग न्हाईच! काढा.”

नाना म्हणजे आमचे मालक. कोल्हापुरात त्यांचं छोटं प्रकाशन, खाली छापखाना. मी तिथली संपादक. संपादक म्हटलं की लोकांना वाटतं, पंख्याखाली बसून पुस्तकं वाचणारी बाई. प्रत्यक्षात लेखकाचं मालकाला आणि मालकाचं लेखकाला सांगत दोन्हीकडची बोलणी खायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे नुकतंच डीटीपी सुरू झालं होतं, म्हणजे शिशाचे खिळे जुळवण्याऐवजी कॉम्प्युटरवर पानं लावायची.

पुस्तक जवळच्याच हुपरी गावच्या शांताक्कांचं होतं. त्यांच्या घरीच चांदीच्या पैंजणांचा कारखाना. गल्लीतल्या बायका दिवसभर मांडी घालून बारीक कड्या जोडायच्या. हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून अक्का वर्षानुवर्षं त्यांना एक गोष्ट सांगत आल्या, कुठल्याच नकाशात नसलेल्या मुलखाची. तिथं पाण्याकाठी झरवटे राहतात. ते पाहुणा जेवल्याशिवाय त्याचं नाव विचारत नाहीत. तिथं लिंभूर असतो, जिभेखाली बसणारा किडा. माणूस जे बोलायचं गिळतो ते खाऊन तो फुगतो. तिथं भांडलेल्या दोघांना ‘टिवांग’ करावं लागतं. एकच घागर दोघांनी धरायची आणि अवाक्षर न काढता नदीवरून घरी आणायची. असले शब्द पानोपानी. ना मराठी, ना कानडी. सगळे अक्कांच्या डोक्यातून निघालेले.

आता मशीनचे पैंजण बाजारात आले होते. दिवाळीनंतर कारखाना बंद करायचं ठरलं होतं. अक्कांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “बायका पांगल्या की ही बोलीबी पांगली बघा. त्याच्या आत छापा. मला दुसरं काय नको.”

आणि नाना म्हणत होते, शब्द काढले तरच छापतो. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आमची पुस्तकं ग्रंथालयांत खपायची. “ग्रंथपाल पयलं पान उघडणार, चार शब्द कळणार न्हाईत, पुस्तक मिटणार. मग मी काय रद्दीवाल्याच्या दारात बसू?”

शेवटी त्यांनी सांगितलं तसं केलं. कॉम्प्युटरमध्ये ‘रिप्लेस’ नावाची सोय असते. जुना शब्द द्यायचा, नवा द्यायचा, बटण दाबायचं. सगळ्या पुस्तकातून जुना शब्द गायब! थोरूमाचा राक्षस झाला. लिंभूराचं पिशाच्च झालं. झरवटे यक्ष झाले, टिवांगाचा समेट झाला. चहा गार व्हायच्या आत एक अख्खा मुलूख साफ. वाचून बघितलं. व्याकरण चोख, पण पुस्तक आळणी लागायला लागलं. का, ते मात्र मला सांगता येईना आणि माझी चिडचिड वाढत गेली.

आमच्याकडे शेवटच्या प्रूफावर लेखकाची सही घेतल्याशिवाय छपाई होत नसे. नाना म्हणाले, “चला, मीबी येतो. तुमी एकट्या गेला तर तिकडंच फितूर व्हाल.” त्यांच्या स्कूटरवर मागं बसून, प्रूफं पोटाशी धरून हुपरी गाठली.

कारखाना म्हणजे घराच्या पुढचा एक लांब सोपा. बायका रांगेनं बसलेल्या, प्रत्येकीपुढे पाट, पाटावर चांदीच्या कड्यांचा ढीग. अक्कांनी चहा दिला, प्रूफं चाळली आणि मला परत दिली.

“मी काय वाचू? ह्यास्नी वाचून दावा. गोष्ट ह्यांचीबी हाय.”

मी वाचायला लागले. दोन गावं बांधावरून हाणामारीला निघतात आणि वाटेत राक्षस आडवा पडतो, ते प्रकरण. ‘राक्षस’ म्हटलं आणि कड्यांचा आवाज थांबला.

“कोन?” कोपऱ्यातली एक म्हातारी.

“राक्षस, आजी.”

“मग मारला का त्येला?”

“नाही. भाकरी घातली.”

“राक्षसाला? भाकरी?” ती उसळलीच. “राक्षस हाय तर मारायलाच पायजे की! न्हाईतर त्यो खातोय गावाला!”

सगळ्या हसल्या. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. “बघा बाई,” त्या म्हणाल्या, “राक्षस म्हटला की त्येचा शेवट आधीच ठरतोय. माझ्या थोरूमाला कुनी मारत न्हाई. त्यो आडवा पडतो म्हणून तर मानसं वाचत्यात.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आळणी का लागत होतं ते हे! जुना शब्द एकटा येत नाही, आपली जुनी गोष्ट काखोटीला मारून येतो. एक बटण दाबून मी अक्कांच्या मुलखात खून-मारामारी घुसवली होती.

नाना मात्र बधेनात. “अक्का, तुमच्या बायकास्नी सवय हाय. नव्या माणसाला कसं कळंल?”

तेव्हा रांगेतली एक तरुण बाई उठून उभी राहिली. महादेवी तिचं नाव, शेजारच्या घरची सून, माहेर निपाणीच्या पल्याड, कानडी बोलणारं. शब्द शोधत, थांबत थांबत बोलली.

“मी लगीन करून आलो तवा मला मराठी येत नव्हतं. काईच. घरात हसायचे. पानी मागायचं तरी भ्या वाटायचं. हितं येऊन गप बसायचो. अक्का गोष्ट सांगायच्या, त्यातलं काय कळायचं न्हाई. पन थोरूम आला की ह्या बायकाबी विचारायच्या, थोरूम म्हंजे काय? मला वाटलं, आता बरं झालं. ह्यास्नीबी येत न्हाई!”

सोप्यात हसू फुटलं. तीही हसली.

“मग एक दिवस ह्या आजी गप बसलेल्या. भावजयीशी भांडून आलेल्या. मी म्हटलं, आजी, लिंभूर? एवढंच. आजी हसल्या, मग रडल्या, मग सगळं बोलल्या. हितं येऊन माझ्या तोंडातला पयला शब्द त्यो. मराठी मागनं आलं.”

इतकी वर्षं शब्दांवरच पोट भरत होते, पण शब्द एवढं काही करू शकतो हे कधी समोर बघितलं नव्हतं. कुणाच्याच मालकीचा नसलेला शब्द; म्हणून सगळ्यांत नवखी बाईही तो हक्कानं उचलू शकली. कानडी सून आणि मराठी म्हातारी, दोघी एका कधीच नसलेल्या देशात भेटल्या होत्या. डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नानांनी खिशातला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

“थोरूम दिसतो कसा ग?” त्यांनी हळूच विचारलं.

“काळा. म्हशीगत,” महादेवी म्हणाली.

“म्हस कुठली? त्येला लोकर हाय!” आजी.

मग जी जुंपली! कुणी शिंगं लावली, कुणी सोंड. अक्कांनी म्हणे तो दिसतो कसा ते कधी सांगितलंच नव्हतं. नाना मधेच ओरडले, “अवो, शेपूट तर असंल की न्हाई?” आणि मला कळलं, मालक गेले कामातून.

“अक्का,” ते शेवटी म्हणाले, “ही प्रूफं फाडतो. जुनी पाठवून देतो. त्याच्यावर सही करा.”

पुस्तक दिवाळीच्या आत निघालं. शब्द सगळे जागच्या जागी, मागं अर्थांची यादी नाही. काही ग्रंथपालांनी खरंच परत पाठवलं. खप रडतखडत झाला. पण वाचकांची पत्रं आली ती शब्दांचे अर्थ विचारणारी नव्हती. थोरूम उठून पुढं कुठं गेला, हे विचारणारी होती.

प्रती घेऊन मी हुपरीला गेले तेव्हा सोप्यातले पाट उचलायला सुरुवात झाली होती. महादेवी कानडी शाळेत शिकलेली, मराठी वाचन जेमतेम. तिनं पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं.

“ह्यात लिंभूर कुठला?”

मी बोट ठेवलं. ती वाकून बघत राहिली. त्या अक्षरांवरून तिनं हळूच बोट फिरवलं.

“एवढासाच हाय व्हय?” ती म्हणाली.

त्यानंतर शब्दकोशात नसलेला शब्द प्रूफात दिसला की मी तो खोडायच्या आधी विचारते, हा कुणाच्या तोंडी आहे? शब्दकोशाला काय, उशिरा जाग आली तरी चालते.