खिडकीतली बाई कुणाची

माझं ऑफिस ग्लेनडेलला, बेकरीच्या वर. खाली लहमाजुन, खिमा पसरलेल्या पातळ रोट्या, भाजतात आणि वर मी वकिली करतो, म्हणजे लोकांचे गाडी जोरात हाकल्याचे दंड माफ करून घेतो. चोवीस वर्षं हेच करतोय आणि उत्तम करतोय, उगाच नम्रता कशाला. तर अशा माणसाकडे एका मंगळवारी सकाळी आराक्सी मावशी आली, बावीस पानांचा करार टेबलावर आपटला आणि म्हणाली, "नूबार, यातली एक ओळ खोटी आहे. तेवढी काढून दे."

करार बरबँकच्या एका बड्या स्टुडिओचा होता. मी खुर्चीत सावरून बसलो. स्टुडिओशी माझा तोवरचा संबंध म्हणजे त्यांच्या एका ड्रायव्हरने लाल दिवा तोडला होता आणि मी त्याला सोडवलं होतं, एवढाच.

मावशी माझी सख्खी मावशी नाही. लहानपणी आम्ही इथेच, एकाच इमारतीत राहायचो आणि तिच्या आईने, म्हणजे वार्तूही आजीने, मी जिन्यात बॉल आपटतो म्हणून दोनदा माझ्यावर वरून बादली रिकामी केली होती. आमच्यात एवढं नातं पुरतं. मावशीचं वय आता एकाहत्तर. बुटकी, ताठ, चष्मा साखळीला अडकवलेला. बैरुतमध्ये तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तीन लिप्यांत. तिचा हात तिथे बसला. इकडे अमेरिकेत आल्यावर तिने बत्तीस वर्षं कॉमिक्समधली अक्षरं लिहिली. चित्रातली माणसं बोलतात ते पांढऱ्या फुग्यात असतं ना, ते तेव्हा कुणीतरी हाताने लिहायचं. 'ब्रास हेरॉन' या कॉमिक्सच्या बाबतीत ते लिहिणारी आमची मावशी. ब्रास हेरॉन हा पितळी पंख लावून शहर वाचवत फिरणारा वीर. जग त्याच्यावर फिदा आहे. मावशी त्याला बगळा म्हणते.

काम असं चालायचं. न्यूयॉर्कला डेल हचिन्स गोष्ट लिहायचा, गस पेट्रिलो पेन्सिलीने चित्रं काढायचा, आणि शुक्रवारी ते पुठ्ठे कुरियरने ग्लेनडेलला मावशीच्या स्वयंपाकघरात यायचे. सोमवारी सकाळी अक्षरांसकट परत. चौऱ्याऐंशी साली असाच एक गठ्ठा आला. चौदाव्या पानावर बगळा मार खाऊन एका इमारतीच्या कठड्यावर बसलाय. मागे मोठी भिंत, भिंतीत एकच उजेडाची खिडकी. हचिन्सने लिहून दिलं होतं, या चौकटीत शांतता, कुणी बोलणार नाही.

"भिंत उघडीबोडकी दिसत होती," मावशी सांगते. "मला बघवेना. रविवार होता, संपादक फोन उचलेना. मग मी खिडकीतून एक फुगा काढला."

फुग्यात तिने लिहिलं: "बाळा, कठड्यावरून ऊठ. आत्ताच धुतलाय."

संपादक ब्रॉडकिन फोनवर पाच मिनिटं ओरडला. पण अंक छापायला जायचा होता, तसाच गेला. पुढच्या महिन्यात वाचकांच्या पत्रांची पोती आली. लढाईबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. खिडकीतली बाई कोण, एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून बाई कायमची झाली. ती कधी दिसली नाही. दिसायची फक्त खिडकी, ऑलिव्ह तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला पुदिना, आणि फुगा. बगळा जग वाचवून यायचा आणि ती त्याला विचारायची, पंखांना तेल लावतोस का, जेवलास का, लग्नाचं काय ठरवलंयस. हचिन्स आळशी माणूस. बाईचं बोलणं तो कधी लिहायचाच नाही. गोष्टीच्या कागदावर नुसतं लिहायचा, "खिडकी: आरा बघेल." आरा म्हणजे मावशी. असं एकसष्ट वेळा.

आता हचिन्सही गेला आणि पेट्रिलोही. दोघांनी हयातीतच कॉमिक्स छापणाऱ्या कंपनीला सगळं लिहून दिलं होतं. मावशीकडून मात्र कुणी कधी सही घेतली नव्हती. अक्षरं लिहिणारीकडून कसली सही घ्यायची? स्टुडिओने टीव्हीसाठी मालिकेचे हक्क घेतले, मग त्यांच्या विमा कंपनीने विचारलं की प्रत्येक पात्र कुणाचं ते दाखवा, आणि कुणीतरी जुने कागद उघडले. आरा कोण, याचा शोध लागायला त्यांना चार महिने लागले. कंपनी बत्तीस वर्षं ज्यावर गठ्ठे पाठवत होती तो पत्ता त्याच कागदांत होता, पण असो.

तिच्याकडूनही हक्क लिहून घेण्याच्या या करारात नवव्या पानावर ती ओळ होती: मला दिलेला मजकूर मी फक्त अक्षरांत उतरवला.

"मावशी, तू शेवटच्या पानावरचा आकडा बघितलास का?" मी विचारलं.

"बघितला. वाचता येतं मला."

"या आकड्यासाठी मी नऊ ओळी खोट्या लिहून दिल्या असत्या."

"म्हणून तर तू दंडाच्या पावत्या सांभाळतोस," ती म्हणाली. "मला कुणी मजकूर दिला नव्हता. ती बाई मी केली. मालिकेच्या सुरुवातीला नावं येतात तिथे माझं नाव हवं. मग सही."

पुढचे तीन आठवडे मी स्टुडिओच्या वकीलबाईंशी, ब्रूक हॉलोवेंशी, फोनवर बोललो. इतकी गोड बोलणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. दर फोनला आकडा वाढायचा आणि ओळ जागच्या जागी राहायची. खरं सांगतो, मी पाघळलो. आकड्याने माझं डोकं फिरलं होतं, आणि नाव ही काय मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटायला लागलं होतं. एका दुपारी मावशीकडे गेलो आणि कॉफी संपायच्या आत तसं बोलूनही बसलो.

ती उठली. आत जाऊन जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन आली, वरचा अंक उघडून माझ्यापुढे धरला. पहिल्या पानावर चौकोन होता. लेखक डेल हचिन्स. चित्रं गस पेट्रिलो. संपादक सिड ब्रॉडकिन.

"हा चौकोन कुणी लिहिलाय?"

"तू."

"माझं नाव शोध."

त्या अंकात नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. बाराव्या अंकात सापडलं, अगदी तळाला, मुंगीएवढं.

"ब्रॉडकिन म्हणायचा, तुझंही नाव लिही, आराक्सी, जागा उरली तर," ती म्हणाली. "आणि मी प्रामाणिक बाई. आधी त्यांची नावं ऐसपैस लिहायचे. मग जागा कुठून उरणार?"

मी अंक मिटला. मला माझी लाज वाटली, आणि ती वाटायला तीन आठवडे लागले याची जास्त वाटली.

"आणि ती बाई कोण आहे, तुला कळलं नाही होय रे इतकी वर्षं?" तिने विचारलं. "दोनदा भिजलास तिच्या हातून."

मी हसलो. मग मला वरच्या मजल्यावरची ती खिडकी आठवली, डबाही आठवला, आणि हसू थांबलं. वार्तूही आजीला जाऊन वीस वर्षं झाली.

"आईला इंग्रजी येत नव्हतं," मावशी म्हणाली. "मी तिला सगळं वाचून दाखवायचे. तिचंच बोलणं तिला. ती म्हणायची, ही बाई फार तोंडाळ आहे, हिला घरच्यांनी काही वळण लावलं नाही."

त्यानंतर मी आकड्याचं नाव काढलं नाही. हॉलोवेबाईंना कळवलं की समोरासमोर बसू.

बरबँकला गेलो त्या दिवशी मी लग्नाचा सूट घातला होता. मावशीने नेहमीचा स्वेटर घातला होता आणि मांडीवर गोड पावाचा, चोरेगचा, डबा होता. फाटकापासून आम्हाला छोट्या गाडीतून आत नेत होते. वाटेत एक खोटी गल्ली लागली, नुसत्या दर्शनी भिंती, मागे लाकडी टेकू. मावशीने ड्रायव्हरला थांबायला लावलं. मला वाटलं, तिला मळमळतंय. तिने चष्मा पुसला, वर बघितलं, आणि म्हणाली, "चल."

खोलीत हॉलोवेबाई आणि त्यांचे दोन मदतनीस होते. पाणी झालं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मिसेस टोपालियान, आम्हाला तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण नाव देणं आमच्या नियमात बसत नाही. तुमचा आग्रहच असेल तर नाइलाज आहे. ती बाई मालिकेतून वगळावी लागेल."

याचीच मला भीती होती. नाव धरून बसलो तर बाईच जाणार, आजीचं ते सगळं बोलणं, कठडा, डबा, सगळं जुन्या अंकांत पडून राहणार आणि दहा वर्षांनी ते कुणी वाचणारही नाही. मी मावशीकडे बघितलं. ती डब्याचं झाकण उघडत होती. एक चोरेग काढून तिने हॉलोवेबाईंसमोर रुमालावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही गेलेलं दिसत नाही. आणि बाई वगळा."

"म्हणजे... तुमची हरकत नाही?"

"माझी कसली हरकत. फक्त ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बुजवावी लागेल तुम्हाला. आत्ता येताना पाहिली मी. तेलाचा डबा अगदी बरोबर आणलाय कुणीतरी, आमच्याकडे तसाच होता. पुदिना प्लॅस्टिकचा आहे. त्यावर धूळ बसलीये, म्हणजे बरेच दिवस झाले बांधून. आत दिवे लावलेत, खुर्चीची पाठ दिसते, तिच्यावर शाल आहे. एवढं सगळं न वापरता ठेवता होय?"

एक मदतनीस टेबलाकडे बघायला लागला. दुसरा पहिल्याकडे. आणि चोवीस वर्षं वकिली केलेल्या या माणसाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

"किती भागांचं चित्रण झालंय?" मी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," हॉलोवेबाई म्हणाल्या.

"सांगितलंत की," मी म्हटलं. "झालंच नसतं तर तुम्ही सरळ 'एकही नाही' म्हणाला असता."

त्या बाहेर गेल्या. वीस मिनिटं बाहेरच होत्या. मदतनिसांनी तेवढ्यात दोन-दोन चोरेग खाल्ले, मावशीने त्यातल्या एकाला तो किती बारीक आहे ते सुनावलं. मला फार बरं वाटत होतं. बाई परत आल्या तेव्हा आवाजातली साखर कमी झाली होती आणि त्या मला एकदम माणसासारख्या वाटल्या. ती ओळ काढू, त्या म्हणाल्या. नावही देऊ. शेवटी, आभाराच्या नावांत.

"शेवटी का?" मावशीने विचारलं.

"शेवटी जागा असते."

मावशी हसायला लागली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग चष्मा काढून डोळे पुसले.

"पोरी, हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकलंय," ती म्हणाली. "आता नाही ऐकायचं. नाव सुरुवातीला येईल, डेल आणि गसच्या बरोबरीने. आणि नावांची ती पाटी मी लिहीन, हाताने. नाहीतर खिडकी बुजवा."

हॉलोवेबाईंनी रुमालावरच्या चोरेगचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"वरती विचारावं लागेल," त्या म्हणाल्या.

"विचारा की. आणि पुदिना खरा लावा म्हणावं. रोज दोन तांबे पाणी, फार नको."

वरच्यांनी नऊ दिवस घेतले. शेवटी सगळं मान्य झालं, आकडा मात्र निम्म्याच्याही खाली आला. मी ते मावशीला सांगताना माझा आवाज रडवेला झाला होता. तिने विचारलं, नव्या करारात नववं पान कसं आहे. मी वाचून दाखवलं: खिडकीतली बाई हे पात्र आराक्सी टोपालियान यांनी निर्माण केलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि सही केली.

पाटी लिहायची त्या शनिवारी सकाळी तिने मला मुद्दाम बोलावलं. स्वयंपाकघरातलं तेच टेबल, पांढरा पुठ्ठा, पट्टी, शाईची बाटली. आता कॉफीचा कप उचलताना तिचा हात कापतो, मला ते माहीत होतं, आणि मी जरा धास्तावलो होतो. तिने पेन्सिलीने हलक्या रेघा ओढल्या, लेखणी बुडवली, आणि हात पुठ्ठ्यावर टेकला तो एकदाही कापला नाही. वरती लिहिलं, निर्मिती. त्याखाली, सगळ्यांत आधी, आराक्सी टोपालियान. ऐसपैस लिहिलं, एकेक अक्षर वडिलांनी दुकानावर रंगवावं तसं.

तिने शाई वाळू दिली. मग पट्टी उचलून खालचा कोरा भाग मोजला.

"त्या दोघांची नावं बसतील," ती म्हणाली. "जागा आहे."

आणि तिने ती लिहिली, स्वतःच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत.