हरीण छाप मांजरपाट

भिंगारच्या बाजारात कुणाही दुकानदाराला सकाळी "काय शेठ, धंदा कसा काय?" म्हणून विचारायची रीत होती. उत्तर निम्मं खोटं असायचं, पण विचारणारा विचारायचा आणि सांगणारा सांगायचा. कानिफनाथ ढवळ्यांना मात्र हा प्रश्न कुणी विचारत नसे. चुकून विचारला आणि शेठ म्हणाले, "जोरात आहे," तर ऐकणाऱ्यानं काय करायचं? घरी पळत जाऊन म्हातारीची नाडी बघायची?

तसं त्यांचं दुकान साधं कापडाचं होतं. दाट विणीचा, पाण्यात न आटणारा पांढरा मांजरपाट ते स्वतः उभं राहून मागावर विणून घेत. प्रत्येक ठाणाच्या टोकाला निळ्या शाईत उडी मारणारं हरीण छापलेलं असे. या कापडाच्या उशा शिवाव्यात, बंड्या शिवाव्यात, लेकराला दुपटं करावं, इतकं ते चांगलं. पण भिंगार आणि आसपासच्या खेड्यांत हरीण छाप मांजरपाट एकाच कामासाठी नेत. माणूस गेला की घरातला जाणता पुरुष हलक्या आवाजात म्हणायचा, "कुणीतरी हरीण आणा रे." भांडणात सुद्धा लोक एकमेकांना म्हणत, "फार बोलू नको, हरीण आणायला लावशील!"

हे बालंट आलं ते कानिफनाथांच्या वडिलांच्या चांगुलपणामुळे. कुणाकडे मयत झाली की म्हातारा जेवत्या ताटावरून उठून दुकानाची फळी काढायचा. गरिबाकडून पैसे घ्यायचा नाही. कापड मोजायचा नाही, त्याला कात्री लावायचा नाही. दोन्ही हातांनी टर्रकन फाडून द्यायचा, कारण कफनाला ना कात्री लागत ना सुई. पंचक्रोशीनं म्हाताऱ्याला दुवा दिला आणि लग्नाचं कापड दुसरीकडून घेतलं. बापाच्या पुण्याईनं मुलाच्या धंद्याला कायमचं सुतक लागलं.

कानिफनाथांना स्वतःसाठी याचं फारसं वाटत नसे. सकाळी रस्त्यात त्यांचं तोंड दिसू नये म्हणून एखादा वळसा घालून गेला, तर ते स्वतःच खांबाआड होऊन त्याची सोय करत. त्यांना वाईट वाटायचं ते बायकोचं. मालनबाई नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडची, डोंगरातली. गोरी, ठेंगणी, तोंडानं सदा हसरी. दोन मुलं झाली ती माहेरीच, बारशीही तिकडेच उरकली. भिंगारात येऊन वीस वर्षं झाली, पण बारशाला, डोहाळजेवणाला तिला बोलावणं म्हणून यायचं नाही. कुणी हलकं बोलायचं नाही, हिडीसफिडीस करायचं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीण भेटली की म्हणायची, "अगं बाई, तुम्हाला सांगायचं राहिलंच की हो!" आणि मालनबाई म्हणायच्या, "असू द्या, घाईत राहतं." शेजारच्या घरात पाळणा हलायला लागला की त्या दळण काढून बसायच्या. जात्याच्या आवाजात बाकीचं ऐकू येत नाही.

हे जातं कानिफनाथांच्या काळजावरून फिरायचं. म्हणून एकाहत्तर साली त्यांनी इसहाकला बोलावलं.

इसहाक म्हणजे भिंगारचा पेंटर. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा आणि बाकीचे सहा दिवस भिंती रंगवायचा. बियाणं, बिड्या, सर्कस, उमेदवार, सगळ्यांना त्याचा एकच ब्रश.

"इसहाकभाऊ, आपल्या कापडाची जाहिरात करायची," कानिफनाथ म्हणाले. "लोकांच्या मनातलं ते जाऊ दे."

"शेठ, भिंतीवरचा चुना जातो, मनातला जात नाही," इसहाक म्हणाला. पण काम आलंय म्हटल्यावर त्यानं डोकं चालवलं. नगर रस्त्याच्या मोक्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं हरीण काढलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'हरीण छाप मांजरपाट. एकदा न्याल, जन्मभर पुरेल!'

चौथ्या दिवशी कुणा टवाळानं खाली कोळशानं पुरवणी जोडली, 'आणि नंतरही.'

सगळं भिंगार हसलं. इसहाक ते पुसायला निघाला तेव्हा कानिफनाथांनीच त्याला अडवलं. "राहू दे. माझ्या जाहिरातीत तेवढंच खरं आहे." पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. शेतं उघडी पडली आणि माणसं खडी फोडायला गेली. जेऊरच्या पुढे पाझर तलावाचं काम निघालं, तिथे सात-आठ गावांच्या बायका माती वाहत होत्या. टँकर आला तर आला, नाहीतर जवळच्या पायऱ्यांच्या बारवेचं हिरवट पाणी. इसहाकची बहीण लिडिया मिशनच्या दवाखान्यात नर्स. ती एकदा भावाकडे जेवताना करवादली, "बारवेचं पाणी तसंच पितात आणि वर्षानं पायातून नारू काढून घ्यायला आमच्याकडे येतात. दोरीएवढी लांब अळी! नुसतं दुहेरी फडक्यातून गाळलं तरी पुष्कळ वाचतील. पण दाट फडकं आणायचं कुठून? लुगडं फाटून जाळी झालंय सगळ्यांचं."

इसहाकचा घास हातातच राहिला. दाट फडकं! तो हात धुऊन थेट दुकानात आला.

"शेठ, आपण येड्यासारखं कापड चांगलं, कापड चांगलं म्हणून ओरडत बसलो. कापडानं कुणाचं काही चांगलं होतंय का, ते बघू. तलावावरच्या बायकांना पाणी गाळायला फडकी वाटा. फुकट."

"फुकटच वाटतो की आपण, वडिलांपासून," कानिफनाथ म्हणाले. "फक्त घेणाऱ्याला कळत नाही एवढंच."

पण त्यांना पटलं. इतकं पटलं की त्यांनी तेवढ्यासाठी दोन ठाणं सोडली. हौसेच्या भरात प्रत्येक फडक्याच्या मधोमध निळं हरीण छापलं. लोकांनी विसरू नये म्हणून! दुसऱ्या दिवशी टेम्पोत गठ्ठे टाकून दोघं तलावावर पोचले. सरकारी सुकडीचं खाणं वाटून नुकतंच झालं होतं, बायका बाभळीखाली टेकल्या होत्या. काही फडकी फाडायची राहिली होती, ती कानिफनाथांनी तिथेच टेम्पोच्या फाळक्यावर उभं राहून फाडायला घेतली. वाडवडिलांच्या हातानं. टर्र! टर्र!

बायकांच्या बोलण्याचा गलका एकदम थांबला.

या टोळीची म्होरकी रतनबाई. हाडाची उंच, आवाज पाटाच्या पाण्यासारखा. ती कमरेवर हात ठेवून पुढं आली, टेम्पोकडं बघितलं, हरणाकडं बघितलं, मग कानिफनाथांकडं.

"आता गं बया! ह्यो तर भिंगारचा हरीणवाला!" ती ओरडली. "का रं बाबा, आमी अजून जित्या हाओत की! येवढी काय घाई झालीय तुला?"

"बाई, हे पाणी गाळायला..." कानिफनाथ.

"गाळायला का गुंडाळायला?"

एक म्हातारी मागून म्हणाली, "सरकारनं सुकडी दिली, आता कफान बी दिलं. समदं येवस्थेशीर हाय बया."

हसण्याचा असा लोट उठला की मुकादमही हसत बसला. पण हसता हसता बायका मागं सरकत गेल्या आणि पोरांना पदराखाली ओढायला लागल्या. एकीनंही फडक्याला हात लावला नाही. गठ्ठे जसे गेले तसे परत आले. येताना टेम्पोत इसहाक म्हणाला, "चूक माझी, शेठ." कानिफनाथ म्हणाले, "चूक या हातांची. यांना दुसरं काही येतच नाही." आणि हात मांडीखाली घालून बसले.

घरी मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याला पाणी दिलं. मग एक फडकं हातात घेऊन त्याची फाटकी कड बोटानं चाचपत बसल्या.

"अहो, हे असं दोरे लोंबणारं कुणी घेईल का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना फाडून दिलंत. फाडलेलं, बिनशिवलेलं कुणाचं असतं?"

"कुणाचं म्हणजे..." कानिफनाथांनी आपल्या हातांकडं बघितलं.

"मग! मेलेल्याच्या कापडाला टाका घालत नाहीत. याला टाका घातला की हे जित्याचं झालं. एवढं साधं कळू नये का हो पुरुष माणसांना?" त्यांनी पेटीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. "आणि ते हरीण मधून काढा आधी. पाणी त्याच्या पोटातून गाळायचंय का?"

छापलेली फडकी मालनबाईंनी मधून कापून बाजूला ठेवली, पुसायला होतील म्हणून. नव्या फडक्यांची घडी दुहेरी घातली, चारी कडा दुमडून लाल दोऱ्यानं टीप मारली आणि हंड्याला बांधायला दोन कोपऱ्यांत नाड्या लावल्या. शिलाईची मशीन त्यांची, दोरा त्यांचा, बैठक मात्र दुकानात. बाजाराच्या दिवशी सुद्धा दुकानातून टर्र ऐवजी खडखड ऐकू यायला लागली, आणि येणारेजाणारे आत डोकावून बघायला लागले.

या खेपेला तलावावर मालनबाई स्वतः गेल्या. कानिफनाथांना त्यांनी टेम्पोतून उतरू दिलं नाही. बारवेजवळ बसून त्यांनी एका हंड्याला फडकं बांधलं, पाणी ओतलं. वर हिरवा गाळ राहिला आणि त्यात काहीतरी वळवळलं.

"हे बघा, हे रोज तुमच्या पोटात जातंय," त्या म्हणाल्या आणि गाळलेलं पाणी तांब्यात घेऊन सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायल्या.

रतनबाई उकिडवी बसली. फडकं सोडून तिनं उलटंपालटं केलं. कडेवरून अंगठा फिरवला.

"टाका हाय की गं ह्येला," ती मागं वळून म्हणाली. "लाल टाका हाय. न्हाई न्हाई, ह्ये त्यातलं न्हवं." मग मालनबाईंकडं बघत, "तूच शिवलं व्हय समदं?"

"मीच."

"आन् ह्यो टेम्पोत लपून कोन बसलाय?"

"आमचे मालक. लाजतात."

"अरं दाजीबा, उतर की खाली! येक तुझ्या डोक्याला बी बांधू, डोकं गाळून निगंल!"

त्या दिवशी एकही फडकं परत आलं नाही. पुढं कितीतरी गावांच्या भिंतींवर इसहाकनं 'पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या' एवढंच लिहिलं. दुकानाचं नाव नाही, कापडाची स्तुती नाही. फक्त कोपऱ्यात पाण्याला तोंड लावलेलं, मान खाली घातलेलं एक लहानसं हरीण. या लिखाणाखाली कोळशानं पुरवणी जोडायला कुणाला काही सुचलं नाही. उन्हाळा सरता सरता बायका दुकानात येऊन म्हणायला लागल्या, "ते लाल काठाचं हरीण द्या." एकीनं उशीचा अभ्रा नेला. एकीनं नवऱ्याला बंडी शिवली आणि नवरा ती घालून चांगला हिंडताफिरता राहिला, तेव्हा बाकीच्यांची भीड चेपली.

इसहाक एकदा म्हणाला, "शेठ, आता गाडी रुळावर आलीय. तो दुसरा धंदा बंद करून टाका. नाव स्वच्छ होईल."

"नाव मळलंच कुठं होतं, इसहाकभाऊ?" कानिफनाथ म्हणाले. "एखाद्याच्या घरी प्रसंग आला, तर त्यानं जायचं कुठं? त्याला मीच फाडून देणार. शिवायचं ते ती शिवेल."

त्र्याहत्तरच्या पावसानंतर एक दिवस रतनबाई दुकानाच्या दारात उभी राहिली. हातात गूळ-खोबऱ्याची वाटी. "सुनंला ल्योक झाला," तिनं आतल्या बाजूला बघून हाक दिली, "ए मालनताई! येत्या बुधवारी बारसं हाय. तुझ्या हातचं दुपटं पायजे, आन् तू पायजे. उशीर केलास तर पाळना बांदनार न्हाई मी, सांगून ठिवते."

मालनबाईंनी मशीनवरचं काम बाजूला सारलं. "येते," त्या म्हणाल्या आणि लाल दोऱ्याचं रीळ मशीनला लावलं.

बुधवारी कानिफनाथांनी दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि बायकोला घेऊन एसटीनं गेले. बायकांचा मेळा आत, पुरुष बाहेर ओट्यावर. रतनबाईनं आतून विचारलेलं बाहेर ऐकू आलं, "पाळना म्हननार कोन?" मग जरा कुजबुज झाली, आणि एक आवाज सुरू झाला. बारीक, स्वच्छ, डोंगरातल्या वळणाचा. मध्ये कुठं अडखळला नाही, शब्द शोधत थांबला नाही. ओट्यावरचे म्हातारे तंबाखू मळायचे थांबले.

"कोन म्हनतंय?" एकानं विचारलं.

कानिफनाथांना एवढं ठाऊक होतं की त्यांची बायको चांगली शिवते, चांगली रांधते, आणि दळताना बोलत नाही. पण तिला गाता येतं हे त्यांना वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आधी त्यांनाही आवाज ओळखता आला नाही. ओळखला तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि उगीचच मांडीवर झटकली.

"आमच्या घरातलं आहे," ते म्हणाले. "जरा गप बसा, ऐकू द्या."