कोनासंगं जेवलीस गो?

“कोनासंगं जेवलीस गो?” तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईला आयाबाई आधी हेच विचारायच्या. काय खाल्लं, हे विचारणं माझं काम. अंधेरीच्या एका प्रसूतिगृहात मी नोंदी ठेवते; त्या तेव्हा तिथल्या आया, समुद्राकाठच्या कोळीवाड्यातून चालत येणाऱ्या. माझ्याकडे बायकांनी घरी खुणा करून आणायचा छापील आहारतक्ता होता: दूध, पालेभाजी, अंडं, ताजी मासळी. त्यांच्याकडे एवढा एकच प्रश्न. मला तो रिकामपणाच्या गप्पांतला वाटे.

पंचावन्न सालच्या आसपासचा आषाढ असेल. मालवणकडची एक मुलगी यायची, सहावा महिना. वजन वाढत नव्हतं, बोलणं दर खेपेला कमी होत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “असंच चाललं तर बाळाचं कठीण आहे.” तिचा तक्ता मात्र माझ्या मनासारखा. एकही चौकोन रिकामा नाही. मी कौतुकाने मोठ्याने वाचला.

“ताजी मासळी, आठवडाभर रोज!”

आयाबाई फरशी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. “बाई, आमच्या होड्या पावसानं महिना झाला वाळूत हायत. हिला ताजं मावरं कोनी दिलं?”

मुलगी रडायला लागली. “घास उतरत नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. तुम्ही रागवाल म्हणून खुणा केल्या.”

मी रागावणारच होते. आयाबाईंनी ओलं फडकं हलवून मला गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या तिच्या घरी निघाल्या. पत्ता माझ्या वहीत, म्हणून मीही गेले. त्यांच्या शिदोरीत भाकरी आणि सुकटीची चटणी. सासूबाई दारातच म्हणाल्या, “आमच्याकडे सून सगळ्यांच्या मागाहून जेवते.”

“मंग मी बी मागाहून,” म्हणत त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

मुलीने अर्धी भाकरी खाल्ली, तीही तासभर लावून. तेवढा वेळ आयाबाई सांगत होत्या, आपल्या पहिल्या गरोदरपणात आपणही भिंतीकडे तोंड करून कशा पडून असायचो ते.

पंधरा दिवस त्या रोज गेल्या. शेवटी सासूबाईच वैतागल्या. “परकी बाई माझ्या सुनेबरोबर जेवणार, आणि मी काय बघत बसू?” त्यांनी आपलं ताट सुनेच्या ताटाशेजारी मांडलं.

लगेच सगळं ठीक झालं नाही. तक्त्यात रिकामे चौकोन पुष्कळ आले, पण ते खरे होते. आठव्या महिन्यात ती म्हणाली, “बाई, चिंबोरी खावीशी वाटते.” ते मी समासात लिहून ठेवलं. दिवाळीआधी तिला मुलगी झाली, चांगली साडेसहा पौंडांची. मी तक्त्यात एक रकाना वाढवला: कोणाबरोबर.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तसं आयाबाईंनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी मी टेबलावर डबा उघडून बसले होते. एका हाताने घास, दुसऱ्याने नोंदी. त्या दारात थांबल्या. इतकी वर्षं मला ‘बाई’ म्हणणाऱ्या त्या म्हणाल्या, “आनि तू गो? तू कोनासंगं जेवतेस?”

मी लेखणी खाली ठेवली.

आता बारा वाजले की मी वही मिटते आणि डबा घेऊन बाहेर जाते. तपासणीला आलेल्या बायका बाकावर सरकून मला जागा करतात.