चंद्रावरची शेळी आणि साताऱ्याचा डबा

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला पोरगं साताऱ्याला जायचं, तिघांत एक खोली घ्यायचं आणि जेवणाचा डबा घरून एसटीनं यायचा. सांगलीहून साताऱ्याला जाणारी गाडी सकाळी कोरेगावच्या अलीकडे आमच्या फाट्यावर थांबायची. आया कापडात बांधलेले डबे कंडक्टरच्या हवाली करायच्या, ते ड्रायव्हरच्या मागे ओळीनं बसायचे आणि साताऱ्याच्या स्टँडवर पोरं आपापला डबा ओळखून न्यायची. संध्याकाळी तीच गाडी रिकामे डबे घेऊन परत. डबा हरवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आमच्याकडे अडचण वेगळी होती. रिकाम्या डब्याबरोबर माझा थोरला भाऊही परत यायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं पोट दुखत होतं. दुसऱ्यांदा त्याचे हेडमास्तर वारले होते. हे हेडमास्तर पुढं वीस वर्षं जगले, पण त्या संध्याकाळी आईनं त्यांच्यासाठी डोळ्याला पदर लावला.

वडील फौजेत हवालदार होते आणि तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर घरी आले होते. त्यांनी भावाला अंगणात सरळ उभं केलं आणि सांगितलं, "दोनदा माफ. तिसऱ्यांदा आलास की दप्तर माळ्यावर आन् तू रानात." वडील एकदा बोलले की हुकूम झाला.

मी दहा वर्षांची होते आणि भावाची काळजी मला त्याच्यापेक्षा जास्त होती. कारण आईला मी विचारून ठेवलं होतं, मला साताऱ्याला कधी धाडणार? ती म्हणाली, "त्यो ऱ्हायला तर तुला धाडू. जिथं पोरगा ऱ्हाईना तिथं पोरीला कोण धाडतंय?" म्हणजे भाऊ टिकला तरच माझी आठवी. त्याला तिथं बसवून ठेवणं भाग होतं.

वडिलांनी छावणीतून येताना आमच्यासाठी एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, मजकूर इंग्रजी, घरात कुणालाही न वाचता येणारा. पण चित्रं कळत होती. अस्वल, माकड आणि कुत्रा डोक्यावर काचेचे गोल टोप घालून यानातून चंद्रावर निघालेले. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा अस्वल जायला हरकत नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं की आमच्या भागात अस्वल नाही. मग मी जुन्या वहीची कोरी पानं फाडली आणि नवी तुकडी भरती केली. कप्तान आमची एका शिंगाची शेळी. रेडिओवर कोंबडी. पहाऱ्याला कुत्रा. यान म्हणजे आमच्या गुऱ्हाळाचं धुराडं, खाली उसाची चिपाडं पेटवली की वर उडणारं. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कंदिलाची काच.

रोज एक पान काढून मी डब्याच्या कापडाच्या गाठीत खोचू लागले. पानाच्या शेवटी कुणीतरी संकटात असायचं आणि खाली 'क्रमशः' लिहिलेलं. भाऊ दुसऱ्या दिवशीच्या डब्याची वाट बघू लागला. एक आठवडा गेला, दुसरा गेला, पोरगं साताऱ्यातच. आई हे यमाईच्या नवसाचं फळ समजली. मी तिला समजू दिलं.

पण पहिला वाचक भाऊ नव्हता. तो मान कंडक्टरचा. तो कुंडलचा होता. कोरेगाव सोडलं, तिकिटं फाडून झाली की तो गाठ सोडून पान वाचायचा, मग पुढच्या बाकांवरच्या लोकांना दाखवायचा. भाऊ वाचलेली पानं रिकाम्या डब्यातून परत पाठवायचा, ती कंडक्टर सुट्टीच्या दिवशी कुंडलला स्वतःच्या पोरांसाठी न्यायचा आणि तेलाचे डाग पाडून भावाला परत आणून द्यायचा. एके दिवशी फाट्यावर त्यानं मला गाठलं.

"म्हस का न्हाई गं ह्यात?"

मी म्हटलं, तिचं वजन फार होतंय.

"मग दोन शिटा दे तिला. घरची म्हस मागं ठिवून कोण जातं व्हय?"

दुसऱ्या दिवशी म्हैस दोन जागा अडवून बसलेली दाखवली. पुढं आठवडाभर मला गावातून चालताना कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटत असे. डोक्यात हवा गेली होती.

त्या हवेनंच घात केला. एका संध्याकाळी रिकाम्या डब्यात भावाची चिठ्ठी आली. त्यांना नुकतंच विज्ञानात शिकवलं होतं. 'चंद्रावर हवा नसते. कंदिलाच्या काचेला वरून भोक असते. तुझी शेळी मरेल.'

काचेला भोक असतं हे खरं होतं. तेच झोंबलं. दुसऱ्या दिवशीच्या पानात मी शेळीला चरायला चंद्रावर उतरवलं, यानाचं दार लावलं आणि म्हैस, कोंबडी, कुत्रा सगळ्यांना घेऊन यान उडवून दिलं. शेळी एकटी मागे. खाली लिहिलं, 'मरते का बघू.' क्रमशःसुद्धा लिहिलं नाही. आणि तीन दिवस डब्यातून नुसती भाकरी पाठवली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, मी दोनदा मान फिरवली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वडील आणि मी डबा आणायला फाट्यावर गेलो. गाडी थांबली. आधी डबा उतरला, मग डबा हातात धरलेला भाऊ.

वडिलांनी नुसता हात पुढं केला आणि भावानं खांद्यावरचं दप्तर काढून त्या हातात दिलं. मला माझी आठवी त्या दप्तराबरोबर माळ्यावर जाताना दिसली.

तेवढ्यात कंडक्टर खाली उतरला. "आवं हवालदार, पोरगं पळून न्हाई आलं. चौकशीला आलंय."

"कसली चौकशी?"

"शेळीचं काय झालं म्हणून. मलाबी तेच इचारायचंय."

"कुठली शेळी?" वडिलांनी विचारलं.

मग भावानं दप्तरातूनच सगळी पानं काढून त्यांना दिली. वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून पहिल्यापासून वाचू लागले. गाडीतले लोक खिडकीतून डोकी काढून बघत होते. म्हशीच्या दोन जागांपाशी त्यांची मिशी हलली, असं मला वाटलं. शेवटच्या पानावर ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"का बंद केलंस?"

मी सांगितलं, हा म्हणतो शेळी मरेल.

"ड्यूटीवरचा मानूस रुसत न्हाई," ते म्हणाले. "आपला गडी मागं सोडून तर मुळीच येत न्हाई. ह्यो उद्या सकाळच्या गाडीनं परत जाईल. त्याच्या आधी शेळी खाली आन."

दप्तर माळ्यावर गेलं नाही. पण जेवताना माझ्या लक्षात आलं की खरी पंचाईत पुढंच आहे. शेळी खाली आणली की गोष्ट संपली. गोष्ट संपली की साताऱ्यात याला धरून ठेवणार कोण? आणि वडिलांची रजा संपत आलेली. चौथी माफी द्यायला ते घरी नसणार.

सकाळी फाट्यावर मी दगडावर बसून अजून रेघोट्याच ओढत होते. शेळीच्या काचेला बूच मारून झालं होतं. यान परत फिरलं होतं, म्हशीनं शेपटी खाली सोडून शेळीला वर ओढलं होतं. पण पृथ्वीजवळ येताच शेळीला एकटीलाच आईच्या लुगड्याच्या छत्रीनं खाली उडी मारायची होती, आणि ती कुठं उतरवायची ते सुचत नव्हतं. गाडी आली. डबे चढले, भाऊ चढला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

कंडक्टर दारातूनच त्याला म्हणाला, "थांब की जरा. शेळी उतरू दे, मग घंटी मारतो."

तेव्हा सुचलं. मी छत्रीखाली अजिंक्यताऱ्याचा डोंगर काढला, त्याच्या पायथ्याला स्टँड काढला आणि खिडकीतून पान भावाच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. "साताऱ्यात का उतरली? घरी का न्हाई?"

मी उत्तर द्यायच्या आधी कंडक्टर म्हणाला, "साताऱ्याचंच तिकीट हाय तिचं. आता तिला चारापानी कोण बघनार रं?" आणि त्यानं घंटी मारली.

शेळी साताऱ्यात राहिली. ती भावाच्या खोलीत लपली, तिनं घरमालकाचं धोतर खाल्लं, ती शाळेत बाकाखाली बसून विज्ञान शिकली, आणि या सगळ्यात भाऊ चौथ्यांदा परत आला नाही. तीन वर्षांनी फाट्यावर मीच डब्याऐवजी गाडीत चढले.

वडील पलटणीत गेल्यावर महिन्याला एक पत्र यायचं. आईची खुशाली, पिकाचं पाणी, भावाचा अभ्यास, सगळं एकेका ओळीत. आणि सहीच्या वर, शेवटी: 'शेळीचे वर्तमान सविस्तर कळविणे.'